पंचाचा पांढरा शर्ट

आमच्या लोखंडी कपाटात एक पांढरा शर्ट कायम इस्त्री करून टांगलेला असे. लग्नाला, बारशाला, मयताला तो कधी बाहेर निघाला नाही. तो पंचाचा शर्ट होता. समोरच्या पोलीस चौकीतून हवालदाराने रस्त्यापलीकडून हात केला, की आमचे हे झेरॉक्सचं मशीन तसंच घरघरत सोडून आत येत, अंगातला चौकडीचा शर्ट काढून तो पांढरा चढवीत, केसांवरून ओला हात फिरवीत आणि मला सांगत, "सरकारी कामाला जाऊन येतो." दुकानात गिऱ्हाईक उभं असेल तर ते मी बघायचं. सरकारी काम त्यांचं, शाईने हात माझे काळे.

ज्यांच्या घरात पंच नाही अशा भाग्यवान लोकांसाठी सांगते. पोलिसांनी कुठे काही जप्त केलं, की ते खरंच तिथे मिळालं हे सांगायला दोन त्रयस्थ, प्रतिष्ठित माणसं सोबत लागतात. त्यांच्या डोळ्यांदेखत सगळं व्हावं, मग पंचनामा लिहावा, त्याखाली त्यांनी सही करावी, असा कायदा आहे. कायदा करणाऱ्याने आमची ही कारखान्यांची चिखली पाहिलेली नव्हती. इथला त्रयस्थ माणूस एक तर शिफ्टला गेलेला असतो नाहीतर शिफ्टवरून येऊन झोपलेला असतो, आणि ज्याला थोडी अक्कल आहे तो हवालदार दिसला की गल्ली बदलतो. उरतो तो चौकीसमोरचा दुकानदार. प्रतिष्ठित म्हणजे हाकेच्या अंतरावरचा.

ह्यांचे आजोबा म्हणे बार्शीकडच्या गावात खरोखरचे पंच होते. बांधाचं भांडण असो की भावकीचं, म्हातारा सांगेल ते लोक ऐकायचे. ती गादी आपल्याकडे चालत आली आहे अशी ह्यांची पक्की समजूत. आजोबा निदान बांधावर जाऊन बांध बघत असतील. हे चौकीतल्या बाकड्यावर बसून चहा प्यायचे, हवालदार लिहायचा, लिहून झालं की हे सही ठोकायचे. जप्तीची जागा ह्यांनी पाहिलीच असेल तर भाजी आणायला त्या रस्त्याने गेल्यामुळे.

आणि मिळायचं काय? आमच्या दुकानाचा पत्रा फुटपाथवर चांगला पुढे आला होता. अतिक्रमणवाले आले की शेजारचे पत्रे खाली येत, आमचा जागेवर असे. हे म्हणत, "ओळख लागते." मी म्हणे, "ओळख नाही, सही लागते." त्यावर ते मला कायदा समजावून सांगत. झेरॉक्स काढून काढून माणसाला कायदा कळतो असंही त्यांना वाटायचं.

आमच्या भिंतीला भिंत लावून चाचांचं गॅरेज. चाचा नांदेडकडचे. टेम्पोचे आणि फोर्कलिफ्टचे गिअरबॉक्स खोलण्यात त्यांचं आयुष्य गेलं. दोन्ही दुकानांच्या मधल्या पडवीत माझं शिलाईचं मशीन असतं, पिको-फॉलचं. माझ्याकडच्या चिंध्या चाचा हात पुसायला नेत आणि बदल्यात माझ्या मशीनचा पट्टा बसवून देत, तेलपाणी बघत. महाळुंग्याच्या एका कंपनीचा गेटपास त्यांच्या गळ्यात असायचा. तिथली फोर्कलिफ्ट अडली की गेटवरून फोन येई आणि चाचा स्कूटर काढत. तो पास ते कोथिंबीर आणायला जातानाही काढत नसत. एवढ्या मोठ्या कंपनीच्या गेटवर सलाम ठोकून आत सोडतात, याचं त्यांना फार अप्रूप होतं. मला त्यात हसण्यासारखं काही वाटायचं नाही. आमच्या घरातल्या पांढऱ्या शर्टापेक्षा ती गळ्यातली पासाची पट्टी कितीतरी खरी होती.

त्याच कंपनीच्या यार्डातून एकदा बेअरिंगची खोकी चोरीला गेली. चोर दोघे, ते टेम्पोसकट नाकाबंदीत सापडले आणि माल टेम्पोतच होता. एवढं सरळ प्रकरण आमच्या चौकीला पचत नाही. चोरीचा माल घेणारा सापडला की तपास कसा भरल्यासारखा दिसतो आणि वरून शाबासकी येते. मग शोध सुरू झाला, तो चोराचा नाही, गिऱ्हाइकाचा. तो टेम्पो मागे कधीतरी कुणी दुरुस्त केला होता? चाचांनी. झालं, संपला तपास. टेम्पोतली काही खोकी कागदावरून चालत आली आणि चाचांच्या बाकड्याखाली जाऊन बसली.

ती दुपार मला स्वच्छ आठवते. शुक्रवार होता, चाचा नमाजला गेलेले, गॅरेजचं शटर खाली. मी पडवीत एका नवरीच्या साड्यांना फॉल लावत बसले होते. त्या शटरला कुणी हात लावला नाही. पोलीस नाही, पंच नाही, खोकी नाहीत. चाचा परत आले, काम करत बसले, आणि संध्याकाळी हवालदार नुसता दारात उभा राहून म्हणाला, "चाचा, साहेबांनी बोलावलंय. दोन मिन्टाचं काम हाय." चाचा हात पुसत पुसत रस्ता ओलांडून गेले. थोड्या वेळाने हवालदाराने ह्यांनाही हात केला आणि पांढरा शर्ट निघाला.

परत आल्यावर मी विचारलं, "काय होतं?"

"चोरीचा माल जप्त झाला."

"कुठून?"

ह्यांनी शर्ट काढून नीट हँगरला लावला. मग म्हणाले, "शेजारून."

"शेजारून म्हणजे? मी दिवसभर इथे बसलेय. कोण आलं होतं?"

"पंचनाम्यात तसं आहे."

"तुम्ही वाचला?"

"पंचाने वाचायचं नसतं. वाचून दाखवतात."

"मग दाखवला?"

"घाईत होते ते," हे म्हणाले. "सही केल्यावर कळलं."

त्या रात्री मी जेवले नाही, आणि हे जेवले. मी म्हटलं, आत्ता जा, सांगा की चूक झाली. तर म्हणाले, सही फिरवली तर उद्या मलाच आत टाकतील, आणि पत्रा जाईल तो वेगळाच. चाचा आत होते आणि ह्यांना पत्र्याची काळजी होती. ह्यांच्याशी संसार केला त्याचा राग मला आयुष्यात पुष्कळदा आला आहे, पण किळस आली ती त्या एका रात्री.

चाचांना जामीन झाला. पण कंपनीच्या गेटवर त्यांच्या गळ्यातला पास काढून घेतला. केस संपली, निर्दोष सुटलात की या, म्हणाले. तेव्हापासून चाचांना दुसरं काही नको होतं. शिक्षेची भीती त्यांना फारशी नव्हती. त्यांना तो पास परत हवा होता, आणि त्यासाठी कुणीतरी मोठ्या खुर्चीत बसून म्हणायला हवं होतं की या माणसाकडे माल नव्हता.

मग वकील आला. कोर्टाच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली त्याचं टेबल होतं आणि टेबलाला साखळी घालून कुलूप लावलेलं होतं. कायद्याच्या एवढ्या जाणकारांच्या गराड्यात टेबल चोरीला जातं, हे बघून मला जरा बरंच वाटलं. मी चाचांबरोबर मुद्दाम गेले होते. चाचांनी सुरुवात केली, "साहेब, त्या दिवशी जुम्मा होता, म्या मशिदीत—"

वकिलाने हात वर केला. "चाचा, काय घडलं ते मला सांगायचं नाही. घडलेलं ऐकलं की डोकं बिघडतं. कागदात काय आहे तेवढं मी बघतो."

मी म्हटलं, "घडलेलं मी पाहिलंय. गॅरेज बंद होतं. मी कोर्टात सांगते."

"तुम्ही कोण?"

"शेजारी. आणि पंचाची बायको."

वकिलाला आधी कळलंच नाही, मग कळलं आणि तो हसला. शेजारच्या टेबलावरच्या वकिलालाही त्याने ते सांगितलं आणि तोही हसला. मग म्हणाला, "ताई, तुम्ही पिंजऱ्यात उभ्या राहिलात की सरकारी वकील पहिला प्रश्न काय विचारेल माहीत आहे? शेजारच्या मेकॅनिकशी तुमचे संबंध काय."

चाचांनी मान खाली घातली. "ताई, तुमी नका येऊ."

"विचारू दे," मी म्हटलं. "उत्तर आहे माझ्याकडे. चिंध्या देते."

वकील म्हणाला, वेळ आली की बोलावतो. ती वेळ त्याच्या डायरीत काही आली नाही. तारखा मात्र येत राहिल्या. कधी सरकारी वकील रजेवर, कधी साक्षीदार गैरहजर, कधी मॅजिस्ट्रेटची बदली, कधी आमच्याच वकिलाच्या साडूचं लग्न. चाचा प्रत्येक तारखेला धुतलेले कपडे घालून जात आणि संध्याकाळी परत येऊन शटर उघडत. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण शहाण्याला हाताला धरून चढवतात, त्याचं काय करायचं ते कोणी सांगून ठेवलेलं नाही.

दुसरा पंच केव्हाच गाव सोडून गेला होता, म्हणून शेवटी ह्यांना साक्षीचं समन्स आलं. एक नव्हे, दोन. ह्यांची पंचगिरी इतकी जोरात होती की त्याच दिवशी, त्याच कोर्टात, गावठी दारूच्या एका केसलाही हेच पंच होते. हवालदाराने दोन्ही पंचनाम्यांच्या प्रती आणून दिल्या. "पंचसाहेब, जरा डोळ्याखालून घाला. आमी हाय तिथं, पण बोलायचं तुमालाच." प्रतींच्या झेरॉक्स आमच्याच मशीनवर निघाल्या.

मग हे पाठांतराला लागले. शाळेत कविता घोकावी तसे पडवीतून फेऱ्या मारत घोकत होते. "आम्हा पंचांसमक्ष सदर इसमाने..." एकदा बेअरिंग, एकदा दारू. हवालदाराने सांगितलं होतं की दारूची केस आधी पुकारतील, म्हणून सकाळी निघताना दारूवर शेवटचा हात फिरवला.

मी शर्ट त्यांच्या हातात देताना म्हटलं, "एकच वाक्य बोला. मी गेलो नव्हतो, चौकीत सही केली. एवढंच."

"आणि आजवर ज्या सह्या केल्या, त्यांचं काय?"

त्यांनी जन्मात विचारलेला हा एकच शहाणा प्रश्न. पण उत्तराला ते थांबले नाहीत.

मी मागे जाऊन बसले. पहिल्याच फटक्याला दारूच्या केसचा आरोपी गैरहजर निघाला आणि शिपायाने चाचांची केस पुकारली. हवालदार बाहेर तंबाखू मळत होता. हे पिंजऱ्यात गेले, शपथ घेतली, पाठ ताठ केली. सरकारी वकिलाने विचारलं, त्या दिवशी काय झालं ते सांगा. ह्यांना पहिली चार वाक्यं बरोबर आठवली, कारण सगळ्या पंचनाम्यांची पहिली चार वाक्यं सारखीच असतात. मग हे सुटले.

"सदर इसमाने घराच्या मागील बाजूस झाडाखाली पुरून ठेवलेला निळ्या रंगाचा प्लास्टिकचा कॅन आम्हा पंचांसमक्ष काढून दिला. झाकण उघडून पाहता त्यास उग्र आंबट वास येत होता."

मॅजिस्ट्रेट मॅडमनी तोवर कॉम्प्युटरवरून मान वर केली नव्हती. आता केली. "कशाला वास येत होता?"

"जप्त मुद्देमालाला, साहेब."

"बेअरिंगला?"

तिथे तरी माणसाने थांबावं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. हे म्हणाले, "होय साहेब. आम्ही पंचांनी स्वतः वास घेऊन खात्री केली."

अख्खं कोर्ट हसलं. आरोपीच्या जागी उभे असलेले चाचा तेवढे हसले नाहीत. सरकारी वकिलाने कागद आपटले आणि साक्षीदार फितूर झाल्याचं जाहीर करायची परवानगी मागितली. फितूर म्हणजे सरकार पक्षाला उलटलेला. ज्या माणसाने जन्मभर चौकीचा शब्द खाली पडू दिला नाही त्याला फितूर म्हटल्यावर ह्यांचं तोंड पाहण्यासारखं झालं. "साहेब, मी चौकीचाच माणूस आहे," हे काकुळतीने म्हणाले, आणि उरलीसुरली केस तिथेच बसली. आमचा वकील उठला, काळा कोट सावरला आणि म्हणाला, "प्रश्न नाहीत." एवढ्या वर्षांत कोर्टापुढे तो जे बोलला त्यात सर्वांत हुशारीचं वाक्य हेच होतं.

निकालाच्या दिवशी संशयाचा फायदा देऊन चाचांना सोडलं. बाहेर आल्यावर चाचांनी वकिलाला विचारलं, "साहेब, संशयाचा फायदा म्हंजे? माल माझ्याकडं नव्हता, असं म्हणले का मॅडम?"

"तसं कोण कशाला म्हणेल? शाबीत झालं नाही म्हणाल्या."

"पण म्या निर्दोष हाय ना?"

"सुटलात ना? मग?" वकील म्हणाला. "साक्षीदार कसा गुंडाळला बघितलंत ना?" आणि पुढच्या अशिलाकडे वळला.

त्या संध्याकाळी चाचा पेढे घेऊन आमच्याकडे आले. ह्यांना त्यांनी मिठी मारली. "भाई, आमच्यासाठी तुमी भर कोर्टात आपली इज्जत घालवली. ह्ये मी विसरणार न्हाई." ह्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग छाती जरा पुढे आली. "असू द्या चाचा. शेजारधर्म असतो." कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, आणि कावळा आता झाड आपण पाडलं म्हणून पेढे खात होता. मी तोंड उघडलंच होतं. पण चाचा समोर हात जोडून उभे होते, म्हणून मी त्यात पेढा कोंबला.

मग चाचा पास मागायला गेले. गेटवर म्हणाले, पोलिसांचा चारित्र्याचा दाखला आणा. दाखला कुठून मिळणार? समोरच्याच चौकीतून. मी बरोबर गेले. हवालदाराने कागद दिला. त्यावर लिहिलं होतं की चोरीचा माल बाळगल्याचा गुन्हा दाखल होता आणि संशयाचा फायदा देऊन सोडलं आहे.

मी म्हटलं, "असा दाखला बघून कोण आत घेईल ह्यांना?"

"आता गुन्हा दाखल झाला ह्ये खरंच हाय ना वैनी? जे खरं ते लिवावं लागतंय," हवालदार म्हणाला. खऱ्याची चाड त्याला आज आली होती.

गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याने कागद वाचला, घडी घालून परत दिला आणि सलाम केला नाही. चाचा दुपारी परत आले. पडवीत माझ्यासमोर स्टुलावर बसले.

"ताई," ते म्हणाले, "पोलीस बोलले, पंच बोलला, वकील बोलला, मॅडम बोलल्या. माल माझ्याकडं नव्हता, एवढं एक कुणी म्हणलं न्हाई बघा."

माझ्याने राहवेना. "चाचा, हे तुमच्यासाठी नव्हते बोलले कोर्टात. ह्यांनी—"

"दुसऱ्या केसचं पाठ म्हणले. मला तवाच कळलं."

"मग ते पेढे?"

"पेढे द्यावंच लागतात, ताई," चाचा म्हणाले. "पंचाच्या शेजारी ऱ्हायचंय. पुन्हा कधी सही करतील, काय सांगावं?"

चाचा गेल्यावर मी कपाट उघडलं. शर्ट नुकताच परटाकडून आला होता. कात्रीने आधी बाह्या काढल्या, मग पाठ उभी फाडली, कॉलर वेगळी केली. कापड चांगलं होतं, सुती, तेल छान शोषणारं. सगळ्या चिंध्या पिशवीत भरून गॅरेजमध्ये नेऊन दिल्या. चाचांनी एकदा पिशवीत पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि पिशवी बाकड्याखाली ठेवली.

त्यानंतर लवकरच हवालदाराने रस्त्यापलीकडून हात केला. फितूर पंच परत चालतो का, असं कोणाला वाटेल. इथे चालतो. दुसरा कोण रिकामा आहे? हवालदार या वेळी दारापर्यंत आला आणि म्हणाला, "पंचसाहेब, आता नवा कायदा आलाय. मोबाइलवर शूटिंग करावं लागतंय. पांढरा शर्ट घाला जरा, चौकीत बसल्यालं चांगलं दिसाय पायजे."

हे आत आले. कपाट उघडल्याचा आवाज आला, हँगर सरकवल्याचा आला, मग परत सरकवल्याचा आला.

"शर्ट कुठाय?"

मी मशीन थांबवलं नाही. "चाचांच्या बाकड्याखाली."

"काय?"

"बाकड्याखाली आहे," मी म्हटलं. "या वेळी खरंच आहे. जाऊन आपल्या डोळ्यांनी बघा."

हे दारात उभे राहिले. गॅरेजचं शटर वर होतं, चाचा आत काम करत होते, चार पावलांचं अंतर. बघायला ते गेले नाहीत. अंगातल्या चौकडीच्या शर्टाची बटणं लावली, केसांवरून हात फिरवला आणि रस्ता ओलांडून सही करायला गेले.